घरी संदेश करायचाय? मग सगळं लक्ष छान्याकडे द्या

बंगाली मिठाई म्हटली की आपल्याकडे पहिलं नाव रसगुल्ल्याचं निघतं, पण बंगाली माणसाचा जीव संदेशात, म्हणजे दूध फाडून काढलेल्या छान्यात साखर घालून केलेल्या मिठाईत, जास्त अडकलेला असतो. कोणाकडे जायचं तर हातात संदेशाचा खोका, विजयादशमीला भेटायला आलेल्यांसमोर संदेश, आणि लग्नात दोन्ही घरांकडून जी सजवलेली ताटं जातात ना, ज्याला ते तत्त्व म्हणतात, त्यात तर चक्क मोठ्या रोहू माशाच्या आकाराचा संदेश असतो, खवल्यांसकट. नवीन शिकणाऱ्यानेही बंगाली मिठाईची सुरुवात संदेशापासूनच करावी असं माझं ठाम मत आहे, कारण यात एकतारी-दोनतारी पाक नाही, तळण नाही, रसात गोळे फुटायची भीती नाही. गाईचं दूध, ते फाडायला लिंबू, आणि साखर. झालं सामान. पण सामान इतकं मोजकं असल्यामुळे त्यातलं एक जरी उन्नीस-बीस झालं तरी ते थेट जिभेला कळतं, वेलची-केशर घालून झाकता येत नाही.

आणि सोळा आण्यातलं बारा आणे काम छान्याचं असतं (फाटलेलं दूध गाळल्यावर फडक्यात उरतो तो मऊ भाग, आपल्याकडे छेना लिहितात तोच). बहुतेक रेसिपी व्हिडिओत छाना दोन मिनिटात उरकतात आणि मग साचे, रंग, पिस्त्याचे काप यावर वेळ घालवतात, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं खरं काम पुढे आहे. तसं नाहीये. छाना नीट जमला तर पुढचं काम पंधरा-वीस मिनिटांचं.

दूध कुठलं घ्यायचं

गाईचं. यात तडजोड करू नका. आपल्याकडे पुण्या-मुंबईत घरोघरी म्हशीचं दूध येतं कारण साय जाड, चहा दाट, दही घट्ट, सगळं खरं आहे, पण म्हशीच्या दुधाचा छाना चरबरीत आणि कडक होतो. त्यात केसीन नावाचं प्रथिन आणि कॅल्शियम जास्त असतं, त्यामुळे दूध फाटताना गुठळ्या घट्ट आवळल्या जातात आणि कितीही मळला तरी तो छाना लोण्यासारखा होत नाही. पनीरला तेच दूध चांगलं, संदेशाला नाही. गाईच्या दुधाची पिशवी बहुतेक सगळ्या डेअऱ्यांची मिळते, त्यावर साधारण 3.5 टक्के फॅट लिहिलेलं असतं, ती घ्या. जवळपास गोठा असेल आणि सकाळचं ताजं निरसं दूध मिळत असेल तर सोन्याहून पिवळं. टेट्रापॅकमधलं दूध घेऊ नका, ते फार जास्त तापमानाला तापवलेलं असतं आणि छाना नीट धरत नाही, गिळगिळीत काहीतरी होतं. अगदीच नाइलाज असेल आणि म्हशीचंच दूध हाताशी असेल तर त्यात पाव पट पाणी घालून करा, बऱ्यापैकी मऊ होतं पण गाईच्या छान्याची चव येत नाही.

विकतचं पनीर किसून मिक्सरला लावून संदेश करा असंही कोणी कोणी सांगतात. नका करू. पनीर वर वजन ठेवून दाबलेलं असतं, त्याचा पोतच वेगळा. त्याचा संदेश खाताना दाताखाली रबरी कण येतात.

पहिल्या वेळेला 2 लिटर दूध घ्या. त्यातून साधारण 350 ते 400 ग्रॅम छाना निघतो. अर्ध्या लिटरवर प्रयोग करावासा वाटतो पण इतका कमी छाना कढईत टाकला की बघता बघता कोरडा पडतो, हात बसायच्या आधीच काम तमाम.

दूध फाडणं

जाड बुडाच्या पातेल्यात दूध तापत ठेवा, मधूनमधून ढवळा म्हणजे साय धरणार नाही. एक उकळी आली की गॅस बंद. आता लगेच लिंबू पिळायचं नाही. तीन-चार मिनिटं थांबायचं, अधूनमधून डाव फिरवायचा, दूध 80 अंशाच्या आसपास आलं पाहिजे. थर्मामीटर असेल तर उत्तम, नसेल तर उकळीचा खळखळाट पूर्ण बसून नुसती वाफ निघते आहे इथपर्यंत थांबा. उकळत्या दुधात आंबट घातलं की गुठळी एकदम आवळते आणि छाना तिथेच कडक होतो, नंतर काही केलं तरी मऊ होत नाही.

दोन मोठ्या लिंबांचा रस म्हणजे साधारण चार टेबलस्पून, त्यात तेवढंच पाणी. किंवा एक कप पाण्यात 4 ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून घ्या. कोलकात्याचे मिठाईवाले, ज्यांना मयरा म्हणतात, ते आदल्या दिवशीचं छान्याचं आंबलेलं पाणीच वापरतात, त्याने छाना सगळ्यात मुलायम होतो, घरी दुसऱ्यांदा कराल तेव्हा ते करून बघा पण ते पाणी लिंबापेक्षा पुष्कळ जास्त लागतं.

आंबट एकदम ओतायचं नाही, एक-एक चमचा घालत हलक्या हाताने ढवळायचं. आधी दूध जरा दाटल्यासारखं दिसतं, मग कडेला बारीक कण दिसायला लागतात, मग एकदम एका क्षणी पांढरं एकीकडे आणि हिरवट-पिवळं नितळ पाणी एकीकडे. ते पाणी नितळ दिसलं की हात थांबवा, वाटीत रस उरला असला तरी उरू द्या. उगाच सगळा संपवला की छाना आंबट होतो आणि घट्टही होतो. पाणी अजून दुधाळ असेल तर एखादा चमचा अजून.

फाटल्या फाटल्या पातेल्यात एक-दोन वाट्या गार पाणी ओता, म्हणजे छाना शिजत राहत नाही. मग चाळणीवर मलमलचं फडकं किंवा जुना मऊ पंचा टाकून गाळा, वरून गार पाण्याची धार सोडून हाताने हलवत धुवा म्हणजे लिंबाचा वास जातो. खाली जे पाणी जमेल ते फेकू नका, कणीक त्याने मळा, पोळ्या मऊ होतात, आमटीतही चालतं.

आपल्याकडे दूध नासलं की त्यात साखर घालून आटवतात आणि पोरं ते वाटीवाटीने खातात, मस्तच लागतं, पण त्यात दुधाचं पाणी सगळं आत आटत जातं म्हणून ते रवाळ होतं. संदेशात पाणी आधी वेगळं काढायचं आणि मग साखर घालायची, सगळा फरक तिथे.

पाणी किती काढायचं

इथे नवीन माणूस हमखास घोटाळा करतो, त्यामुळे जरा सावकाश वाचा. फडक्याची पुरचुंडी बांधून नळाला किंवा खुंटीला टांगून ठेवा, 45 मिनिटं ते एक तास. पिळून काढायचा मोह होतो, हलकं एकदा दाबा, बस. वरवंटा, पाण्याचं पातेलं असलं काही वर ठेवायचं नाही, ते पनीरचं काम. तासाभराने उघडून बघा. बोटाने दाबलं तर पाण्याचा थेंब सुटता कामा नये पण हाताला गारवा आणि ओल लागली पाहिजे. चिमूटभर घेऊन अंगठा आणि बोटामध्ये चोळा, तो पसरला पाहिजे, भुगा व्हायला नको. भुगा होत असेल तर पाणी जास्त गेलंय, दोन चमचे दूध शिंपडून मळताना सावरता येतं. उलट पाणी जास्त राहिलं असेल तर कढईत आटवत बसावं लागतं आणि तोवर छाना म्हातारा होतो, म्हणून तसं असेल तर सरळ अजून पंधरा मिनिटं टांगा.

मळणं

परात घ्या, छाना त्यात मोकळा करा आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पुढे रेटत रेटत घासा, थोडा थोडा, पुरणयंत्रात घातल्यासारखा सगळा एकदम नाही. सुरुवातीला परातीवर दाणे दाणे दिसतात, दोन मिनिटांनी दाणे बारीक होतात, मग तो परातीला लेपासारखा चिकटायला लागतो, उलथन्याने गोळा करा, परत रेटा. पाच ते सात मिनिटांत असा टप्पा येतो की हाताला किंचित तुपकट चकाकी दिसते आणि छाना परातीपासून आपणहून सुटायला लागतो. तिथे थांबायचं. त्याच्या पुढे मळत राहिलात तर तूप सुटून संदेश तेलकट होतो. मिक्सर किंवा फूड प्रोसेसर वापरणारे खूप आहेत, चालतं, पण दोन-तीन झटके द्या आणि शेवटची दोन मिनिटं हातानेच, कारण थांबायचं कधी ते हातालाच कळतं.

साखर आणि पाक

350 ग्रॅम छान्याला 90 ते 100 ग्रॅम पिठीसाखर. छान्याच्या पाव पटीपेक्षा थोडी जास्त. आपल्या पेढ्या-बर्फीच्या सवयीने हात सैल सुटतो, पण साखर जास्त झाली की दुधाची चव मरते आणि मिश्रण पातळ होऊन जास्त शिजवावं लागतं.

बंगालीत संदेश शिजवण्याला पाकच म्हणतात, साखरेच्या तारेचा त्याच्याशी संबंध नाही. थोडाच वेळ शिजवलेला तो नरम पाक, जास्त शिजवून कोरडा केलेला तो कडा पाक. नरम पाक मऊ, ओलसर, एक-दोन दिवसांत खाऊन संपवायचा. कडा पाक जरा दाताला लागणारा, साच्याची नक्षी त्यावर उठून दिसते आणि जास्त दिवस टिकतो, म्हणून प्रवासाला तोच देतात. पहिल्यांदा नरम पाकच करा.

आता कढई. जाड बुडाची किंवा नॉनस्टिक, आणि आच मंद म्हणजे खरोखर मंद, छोट्या बर्नरवर. मळलेल्या छान्याचे तीन भाग करा, दोन भाग साखरेसोबत कढईत घाला, एक भाग बाजूला ठेवा. लाकडी उलथन्याने सतत हलवत राहा, फोन वाजला तरी वाजू द्या. पहिली दोन मिनिटं साखर वितळून मिश्रण सैल होतं, अगदी पातळ वाटतं आणि नवीन माणूस घाबरून गॅस मोठा करतो, तो करायचा नाही. मग हळूहळू ते जमून यायला लागतं, कढईची कड सोडतं, उलथन्याबरोबर एका गोळ्याने फिरायला लागतं. साधारण सहा-सात मिनिटं. या टप्प्यावर बाजूचा तिसरा भाग घाला, एक-दीड मिनिट हलवा. हा कच्चा भाग मागून घालण्याने संदेश ओलसर राहतो आणि ताज्या दुधाचा वास टिकतो.

परीक्षा अशी, नखाएवढं मिश्रण ताटलीवर काढा, फुंकर घाला आणि दोन बोटांमध्ये गोळी वळा. गुळगुळीत गोळी झाली, बोटाला चिकटली नाही, की त्याच क्षणी गॅस बंद आणि मिश्रण गार परातीत. कढईत ठेवायचं नाही, गरम कढईत ते शिजतच राहतं. गोळी चिकटत असेल तर अजून अर्धा मिनिट. गोळीला भेगा पडत असतील किंवा कढईच्या कडेला तूप दिसायला लागलं असेल तर वेळ टळून गेली. खरं सांगायचं तर थोडं आधी उतरवलेलं बरं, गार झाल्यावर संदेश आणखी घट्ट होतोच.

हा असाच वाटीत काढून चमच्याने खाल्ला की झाला माखा संदेश, कोलकात्याच्या दुकानात तो असाच, न वळलेला, वजनावर मिळतो. वळायचं झालं तर कोमट असतानाच परत एकदा दोन मिनिटं मळा, हाताला तुपाचा थेंब लावा आणि साच्यात दाबा. त्यांच्याकडे लाकडी आणि मातीचे साचे असतात, शंख, मासा, पान, आंबा असे आकार. आपल्या घरात गणपतीचा मोदकाचा साचा असतोच, तो छान चालतो, फक्त तुपाचा हात हलका ठेवा नाहीतर नक्षी बुजते. साचा नसेल तर पेढ्यासारखा चपटा गोळा, मध्ये अंगठ्याचा ठसा आणि त्यात एक बेदाणा. वेलची घालणारच असाल तर चिमूटभर, आणि पहिल्या घाण्यात तर अजिबात घालू नका, आधी नुसत्या छान्याची चव बघा.

थंडीत करणार असाल तर गूळ

साखरेचा संदेश हात बसवायला ठीक, पण डिसेंबर ते फेब्रुवारीत करत असाल तर नलेन गूळ मिळवायची खटपट जरूर करा. खजुरीच्या झाडाचा हा गूळ, म्हणजे आपल्याकडे ज्याला शिंदी म्हणतात तेच झाड, आपण त्याची नीरा आणि ताडी काढतो, बंगालात थंडीत त्याच्या रसाचा गूळ करतात. झाडावर चढून खाच पाडणाऱ्याला तिकडे शिउली म्हणतात, संध्याकाळी मडकं लावायचं, पहाटे ऊन यायच्या आत उतरवायचं आणि लगेच आटवायला घ्यायचं, कारण हवा तापली की रस आंबतो. म्हणून हा गूळ फक्त थंडीतलाच. पातळ असतो तो झोला गूळ आणि ढेप असते ती पाटाली. दोन्हीला एक धुराचा, किंचित कॅरॅमलसारखा वास असतो जो उसाच्या गुळाला नाही, म्हणून कोल्हापुरी गूळ घालून तेच होईल अशी अपेक्षा ठेवू नका. तोही संदेश चांगला लागतो, पण तो वेगळा पदार्थ.

विकत घेताना बघायचं एवढंच, की चांगली पाटाली बोटाने दाबली तर तुटते आणि जिभेवर पटकन विरघळते. दगडासारखी कडक, आत साखरेचे खडे चमकणारी असेल तर साखर मिसळलेली समजा. हल्ली ऑनलाइन मिळते, झोला गूळ ट्यूबमध्येही येतो.

350 ग्रॅम छान्याला 80 ते 90 ग्रॅम किसलेली पाटाली पुरते, साखर अगदी दोन चमचे. फरक एवढाच की साखर सुरुवातीला घालायची आणि गूळ छाना थोडा जमून आल्यावर, शेवटच्या तीन-चार मिनिटांत, कारण जास्त शिजला की वासच उडून जातो आणि तो वास गेला तर मग पैसे कशाला घातले. झोला गूळ असेल तर गॅस बंद केल्यावर वरून एक चमचा.

बिघडलं तर

रवाळ झाला: मळणं कमी पडलं किंवा दूध फार गरम असताना फाडलं. मळणं कमी असेल तर गार झाल्यावर परत चार मिनिटं मळून बघा, बराच सुधारतो.

कोरडा आणि भुसभुशीत झाला: जास्त शिजला. चमचा-दोन चमचे साय घालून मळा आणि त्याच दिवशी संपवा.

साच्यात चिकटतो, आकार धरत नाही: पाक कच्चा राहिला. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग वळा, नाहीच जमलं तर माखा संदेश म्हणून वाटीत द्या, चवीला कुठेही कमी नसतो.

टिकवणं म्हणाल तर डब्यात बंद करून फ्रिजमध्ये दोन दिवस, खायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, गारढोण संदेशाला चव नसते.

एकदा खरा खाऊन या

घरी करताना नेमकं कुठे पोचायचंय ते जिभेला माहीत असेल तर फार मदत होते. कोलकात्याला जाणं झालं तर उत्तर कोलकात्यात हेदुआजवळचं गिरीशचंद्र दे आणि नकुडचंद्र नंदी यांचं दुकान, 1844 पासूनचं, लोक नुसतं नकुड म्हणतात, आणि बऊबाजारचं भीमचंद्र नाग. भवानीपूरला बलराम मल्लिक. तिथे नरम पाक आणि कडा पाक दोन्ही एकेक मागा आणि शेजारी शेजारी खा, मी वर जे ओलेपणाबद्दल इतकं लिहिलंय ते एका घासात समजेल. मुंबईत असाल तर दुर्गापूजेच्या दिवसांत शिवाजी पार्कला बेंगॉल क्लबच्या मांडवात चक्कर मारा. या छान्यावर तिकडच्या लोकांचं किती प्रेम आहे बघा, 1965 मध्ये दुधाची टंचाई होती म्हणून पश्चिम बंगाल सरकारने छान्याच्या मिठाईवर बंदी घातली होती, तर त्यावरून राज्यात प्रचंड गदारोळ झाला आणि प्रकरण थेट हायकोर्टात गेलं.

दोन-तीन घाणे जमले की जलभरा करून बघा. चंदननगरच्या सूर्य मोदकांच्या दुकानाचा हा संदेश, आकार ताडगोळ्याचा आणि ताडगोळ्यासारखंच आत पाणी, म्हणजे गुलाबपाणी किंवा थंडीत झोला गूळ. यासाठी पाक किंचित कडक लागतो, नरम पाकातून रस झिरपून बाहेर येतो. साच्यात अर्ध्यापर्यंत संदेश दाबा, बोटाने मध्ये खोल खळगा करा, त्यात अर्धा चमचा गूळ सोडा, वरून संदेशाची चकती ठेवून कडा नीट दाबून बंद करा आणि वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग साच्यातून काढा. आणि ज्याला द्याल त्याला आधी सांगा की आख्खा तोंडात टाक किंवा वाटीवर धरून खा. जमीनदाराच्या जावयाची फजिती करायलाच हा संदेश बनवून घेतला होता असं सांगतात, घास घेतला आणि आतला रस अंगावर उडाला, कपडे भिजले.